दयाळीण आणि चौथे अंडे

एका डोंगराच्या उतारावर दाट जंगल होते. त्या जंगलातल्या एका जुन्या बेहड्याच्या झाडावर दयाळ पक्ष्यांचे एक जोडपे नव्यानेच राहायला आले होते. दयाळ म्हणजे गोड गळ्याचा पक्षी. नर काळा-पांढरा, शेपटी सदा वर उचललेली. मादी त्याच्याच घडणीची, पण काळ्याच्या जागी राखाडी. मुलांनो, या मादीला आपण दयाळीण म्हणू, कारण ही गोष्ट तिची आहे.

अंडी घालण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. बेहड्याची एक फांदी पूर्वी कधीतरी वादळात मोडून पडली होती आणि तिच्या जागी खोडात रुंद तोंडाची ढोली झाली होती. तिथे तिने वाळके गवत, मुळ्यांचे धागे आणि कुठून कुठून वेचलेले केस आणून मऊ गादी केली. नर शेंड्यावर बसून सकाळ-संध्याकाळ गात असे आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या दयाळाला पाऊल टाकू देत नसे. सगळे कसे वेळच्या वेळी चालले होते.

पहिल्या दिवशी पहाटे एक अंडे झाले. फिकट हिरवट निळे, त्यावर तपकिरी ठिपके. दुसऱ्या दिवशी दुसरे. तिसऱ्या दिवशीचे तिसरे अंडे तर दोन्हींहून मोठे, चांगले टपोऱ्या बोराएवढे. दयाळीण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिली. आपल्या अंगातून एवढे देखणे काही बाहेर पडेल असे तिला वाटले नव्हते.

त्याच दुपारी आभाळ भरून आले आणि गारा पडल्या. करवंदाच्या जाळ्या झोडपून निघाल्या, झाडांची कोवळी पालवी खाली आली. गारांनंतर बोचरा वारा सुटला. दोन दिवस एक किडा दिसेना, एक नाकतोडा उडेना. नर आणि मादी ढोलीच्या तोंडाशी अंग फुगवून उपाशी बसून राहिले. आणि तिसऱ्या दिवशी, वारा जरा पडला तेव्हा, चौथे अंडे झाले.

ते लहान होते. बाकीची बोराएवढी, तर हे करवंदाएवढे. त्याचा रंगही उतरल्यासारखा होता आणि ठिपके एकाच टोकाला गोळा झाले होते. दयाळीण कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने नराला हाक मारून ते दाखवले. नराने मान वाकडी करून पाहिले, आणि चार झाली की, असे समाधानाने म्हणून तो पुन्हा शेंड्यावर जाऊन बसला. त्याला चार दिसली. तिला मात्र तीन आणि एक अशी दिसली.

ढोलीच्या वरच्या अंगाला त्याच झाडात एक साळुंकी राहत होती. ती वाईट नव्हती. दुसऱ्याच्या घरात डोकावायची आणि डोकावून जे दिसेल ते बोलून दाखवायची तिला सवय होती, एवढेच. तीही तेव्हा अंड्यांवर बसली होती. पाय मोकळे करायला म्हणून ती खाली उतरली आणि ढोलीत डोकावून चुकचुकली.

"अगं, यातून काही निघायचं नाही," ती म्हणाली. "आणि निघालंच, तर भावंडांच्या पायाखाली जाईल. आताच ढकलून दे. बाकीच्यांना तेवढीच जास्त ऊब मिळेल."

साळुंकी निघून गेली. दयाळीण अंड्यांवर बसली, पण तिला चैन पडेना. पोटाखाली तीन अंडी भरीव लागत होती आणि चौथे कुठेतरी मधल्या फटीत घरंगळत होते. ती उठली. तिने चोचीने ते अंडे हळूच ढकलत ढोलीच्या काठापर्यंत आणले. ते इतके हलके होते की त्याला ढकलायला जोरच लागला नाही. खाली पाचोळ्यात पडले असते तर आवाजही झाला नसता. काठावर ते क्षणभर डुगडुगले. तिने चटकन छाती आडवी घातली आणि ते पुन्हा आत घेतले.

ते तिला टाकवेना आणि ते असताना निवांत बसवेना. हे असे का झाले असेल, आपल्यातच काही कमी आहे का, की त्या दोन दिवसांत आपण अजून हिंडून काही खायला शोधायला हवे होते, असे नाना विचार तिच्या डोक्यात फिरू लागले. शेवटी तिने ठरवले की दुसऱ्यांची अंडी कशी असतात ते एकदा पाहून यावे. सगळ्यांचे असेच असेल तर जिवाचा घोर तरी मिटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी खायला म्हणून ती बाहेर पडली आणि शिंपिणीकडे गेली. शिंपीण म्हणजे भोकराची दोन पाने टाके घालून शिवून त्यात घरटे करणारी इवलीशी पाखरी. तिची तिन्ही अंडी दयाळिणीच्या लहान अंड्याहूनही बारीक होती. दयाळिणीला क्षणभर हायसे वाटले. पण मग तिच्या लक्षात आले की ती बारीक असली तरी तिन्ही सारखी होती, एकाच मापात घडवल्यासारखी. आपली तशी नाहीत. येताना तिचे पंख जाताना होते त्याहून जड झाले होते.

तिसऱ्या दिवशी ती बुलबुलाच्या घरट्यापाशी जाऊन आली. तिथेही तेच. लालसर ठिपक्यांची तीन अंडी, एकाला झाकावे आणि दुसरे काढावे अशी. चौथ्या दिवशी साळुंकी दाणे टिपायला गेलेली पाहून ती वर चढली आणि चोरासारखी तिच्या ढोलीत डोकावली. साळुंकीची अंडी निळी, तुकतुकीत आणि दयाळिणीच्या सगळ्यात मोठ्या अंड्याहूनही कितीतरी मोठी होती. आता दयाळिणीला आपले चौथेच काय, चारही लहान वाटू लागली. ज्या तिसऱ्या अंड्याचा तिला एवढा अभिमान होता, तेही तिला बारके दिसू लागले.

अशा रीतीने तिच्या फेऱ्या रोज लांबत गेल्या. घरी आली की ती अंड्यांवर बसायच्या आधी त्यांना पायाने सारून रांगेत लावायची, कोणते वाढले का ते बघायची. अंडी काही वाढत नसतात, हे तिला कळत होते. तरी ती बघायची. एका संध्याकाळी नराने तिला सहज विचारले की आज फार वेळ लागला का. किडे अजून लांबच मिळतात, असे ती म्हणाली. खरे तर गारांना आठवडा होत आला होता आणि झाडाखालीच हवे तेवढे किडे फिरत होते.  नराचे लक्ष खालच्या झुडपांकडे होते, कारण दोन दिवसांपासून तिथे एक भारद्वाज येत होता.

भारद्वाज तुम्ही पाहिला असेल. काळे अंग, तांबूस पंख, लालभडक डोळे. तो उडतो कमी आणि झुडपांतून पावले टाकत चालतो जास्त. तो दिसला की दिवस चांगला जातो, असे माणसे म्हणतात. ज्यांच्या घरट्यात अंडी आहेत त्या पाखरांना विचारून पाहा. भारद्वाज घरटी शोधत बसत नाही. तो नुसता बसतो आणि कोण कुठून निघाले, किती वेळाने परतले, ते पाहतो. बेहड्याच्या ढोलीतून एक राखाडी पाखरी रोज बाहेर पडते आणि रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येते, हे त्याने पाहून ठेवले होते.

सहाव्या दिवशी सकाळी साळुंकी पुन्हा खाली आली. ते अंडे अजून आहेच का, असे तिने विचारले आणि वर सांगितले की तिच्या एका बहिणीने असेच ठेवले होते, ते कुजले, त्याला मुंग्या लागल्या आणि मुंग्यांनी चांगली पिल्लेही सोडली नाहीत. एवढे बोलून ती गेली. दयाळीण लगेच उठली. तिने अंड्यांच्या आजूबाजूला नीट पाहिले. मुंगी एकही नव्हती. पण आता तिला सगळीकडे मुंग्याच दिसू लागल्या.

आज आपण टिटवीला विचारू, असे तिने ठरवले. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याच्या पात्रात एक म्हातारी टिटवी राहत होती. तिने आजवर किती अंडी उबवली होती याची गणती नव्हती. ओढा लांब होता आणि हवा अजून गार होती. अंडी किती वेळ उघडी राहतील हे दयाळिणीच्या मनात आले. पण आजचा दिवस जाऊ, उद्यापासून नाही, असे म्हणून ती निघाली. नर तेव्हा हद्दीच्या पलीकडच्या टोकाला, तिथे शिरलेल्या दुसऱ्या एका दयाळाला हुसकावत होता.

टिटवीला ना ढोली, ना गवताची गादी. ओढ्यातल्या गोट्यांमध्ये जराशी खोलगट जागा करून तिने अंडी घातली होती आणि त्यांवर ती उघड्यावर बसली होती. दयाळीण आलेली पाहूनही ती उठली नाही. दयाळिणीने धापा टाकत सगळी हकीकत सांगितली. गारा, उपास, लहान अंडे, साळुंकीचे बोलणे, मुंग्या. शेवटी तिने भीत भीत विचारले की तुमची अंडी एकदा पाहू का.

टिटवीने तिला नीट न्याहाळले आणि मग अंग किंचित उचलले. खाली मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी होती. टोके आत करून ती एकमेकांना भिडवून ठेवली होती. दयाळिणीचे डोळे सवयीने त्यांवरून फिरले आणि एकावर थांबले.

"यातलं एक लहान आहे," ती म्हणाली.

"असेल," टिटवी म्हणाली. "मी पाहिलं नाही."

तिने अंग पुन्हा खाली टेकले आणि पिसे अशी पसरली की चारही झाकली गेली.  एवढी म्हातारी, एवढ्या वेळा अंड्यांवर बसलेली, आणि हिने पाहिलेसुद्धा नाही. तिला वाटले आता टिटवी काहीतरी समजावून सांगेल. पण टिटवीने उलट तिलाच विचारले, आणि तेही अगदी हळू.

"तू इतका वेळ इथे बसलीस, बाई. तुझ्या अंड्यांवर आत्ता कोण बसलंय?"

 दयाळीण उडालीच. जाताना जो उतार तिला एवढासा वाटला होता, तो आता चढताना संपेना. मधे दोनदा तिचा दम तुटला. तरी ती थांबली नाही. ऊन कलले होते आणि वारा पुन्हा गार झाला होता. बेहडा दिसला तेव्हा तिला आधी शेंडा दिसला, रिकामा. मग खोड. मग ढोलीच्या तोंडाशी काहीतरी तांबूस हलताना दिसले.

भारद्वाजाचे अर्धे अंग आत होते. दयाळीण ओरडतच त्याच्या पाठीवर जाऊन आदळली. तो तिच्या चौपट मोठा होता. पंखाच्या एका फटक्याने त्याने तिला बाजूला केले. ती पडली, पुन्हा उडाली, पुन्हा त्याच्या डोळ्यांवर झेपावली. तिचे ओरडणे ऐकून नर आला. साळुंकीही आपली ढोली सोडून आली आणि तिने भारद्वाजाची शेपटी चोचीत धरून ओढली. तिघांनी त्याला इतके टोचले की शेवटी तो मान बाहेर काढून फांदीवर सरकला. त्याच्या चोचीला पिवळे लागले होते. चोच पुसून तो झुडपांत उतरला आणि चालत चालत दिसेनासा झाला.

दयाळीण आत गेली. तिसरे अंडे नव्हते. टपोऱ्या बोराएवढे, सगळ्यांत देखणे असे ते अंडे नव्हते. त्याच्या जागी ओलसर डाग पडला होता. उरलेली तीन गादीवर इकडेतिकडे झाली होती. तिने त्यांना पोट लावले आणि ती दचकली. ओढ्यातल्या गोट्यांसारखी ती गार होती.

नर काठावर बसून तिच्याकडे पाहत होता. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"मी खायला गेले नव्हते," ती म्हणाली. "रोज दुसऱ्यांची अंडी बघत फिरत होते."

 तो रागावेल, निदान काहीतरी बोलेल, याची ती वाट पाहत होती. तो म्हणाला, "बस आता. उठू नकोस. खायला मी आणतो."

त्या दिवसापासून दयाळीण उठली नाही म्हटले तरी चालेल. तिने तिन्ही अंडी पोटाखाली घेतली आणि कोणते कुठे आहे ते पाहिले नाही. पायाने उलटसुलट करायची ती पोटाखालीच करायची, न बघता. नर सकाळचे गाणे आवरते घेऊन किडे आणू लागला. भारद्वाज आणखी दोनदा झुडपांत येऊन बसला. पण ढोलीतून कोणीच बाहेर पडत नाही हे पाहून पुढे तो त्या बाजूला फिरकेनासा झाला.

पण मनातली भीती गेली नव्हती. उलट ती वाढली होती. आधीची काळजी एका अंड्याची होती, आता तिन्हींची होती. एवढी गारठलेली अंडी जगतात का, हे तिला ठाऊक नव्हते आणि आता कोणाला विचारायला जाता येत नव्हते. अंडे लहान असले तर दिसते. ते आतून मेले असले तर बाहेरून काहीच दिसत नाही. तशा अंड्यावर आई कितीही दिवस बसू शकते.

बारा दिवस झाले. काही हालचाल नाही. वर साळुंकीच्या ढोलीत पिल्लांची चिवचिव सुरू झाली. तेरा झाले. साळुंकी खाली आली. आता तिचा आवाज उतरला होता. तिने सांगितले की गारठलेल्या अंड्यांचे असेच होते, तू वाळून चालली आहेस, अजून मोसम आहे, नव्याने सुरुवात कर. ती हे तळमळीने सांगत होती आणि बहुधा खरेही सांगत होती. दयाळिणीने ऐकून घेतले. तिच्या छातीची हाडे वर आली होती. मी अजून बसते, एवढेच ती म्हणाली.

चौदाव्या दिवशी ऊन वर आल्यावर तिला पोटाखाली काहीतरी जाणवले. टोचले की भास झाला, तिला कळेना.  पुन्हा टोचले. मग बारीक टक-टक. तिला उठून पाहावेसे वाटले, पण ती उठली नाही. दुपारपर्यंत एक ओले, उघडे, डोळे मिटलेले पिल्लू तिच्या पिसांत वळवळत होते. संध्याकाळी दुसरे आले. नराने टरफले चोचीत धरून लांब नेऊन टाकली.

तिसरे मात्र येईना. तो दिवस गेला, दुसरा गेला. दोन पिल्ले भुकेने चोची उघडत होती आणि त्यांना भरवायला आता दोघांनी लागायला हवे होते. तरी दयाळीण निम्मा वेळ बसूनच राहिली. तिसऱ्या दिवशी नर नाकतोडा घेऊन आला, तेव्हा ढोलीत दोनाऐवजी तीन चोची उघडलेल्या होत्या. त्याने तो नाकतोडा तिसरीत घातला आणि पुढचा आणायला गेला.

ते पिल्लू दोघांपेक्षा बारके होते. ते लहान अंड्यातून आले म्हणून बारके, की दोन दिवस मागून आले म्हणून, हे सांगता येत नव्हते, आणि दयाळिणीला आता ते पाहायला सवड नव्हती. जी चोच सगळ्यांत जास्त वासलेली असेल तिच्यात घालायचे, एवढेच तिने धरले होते. आठ-दहा दिवसांत पिल्लांना पिसे फुटली. ढोलीत जागा पुरेना. मग एका सकाळी तिन्ही पिल्ले एकामागून एक बाहेर आली आणि फांदीवर एकमेकांना चिकटून बसली.

साळुंकी तिथेच होती. तिने तिघांना डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे पाहिले.

"यातलं ते कोणतं?" तिने विचारले.

दयाळिणीने पाहिले. तिघांचीही छाती ठिपकेदार, तिघांच्याही शेपट्या आखूड, तिघांच्याही चोची उघडलेल्या. तिने मनापासून ओळखायचा प्रयत्न केला. मधले जरा लहान वाटले, तेवढ्यात कडेच्याने अंग चोरले आणि तेच लहान दिसू लागले.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

साळुंकी हसली आणि आपल्या पिल्लांकडे गेली. दयाळीण मात्र तिथेच बसून राहिली. फांदीवर तिसऱ्या पिल्लाच्या शेजारी थोडी जागा मोकळी होती. त्या जागी जे बसले असते ते आज या तिघांहून मोठे असते की त्यांच्यातच मिसळून गेले असते, हे तिला आता कधीच कळणार नव्हते. एका पिल्लाने पंख हलवले आणि भुकेने तिला हाक मारली. ती उठली आणि किडे शोधायला झाडाखालीच उतरली.

तात्पर्य : आपल्या पदरी जे आले आहे त्याची दुसऱ्यांशी मापे जुळवत फिरू नये, लहान-मोठे काळाने सारखे होते, पण आपण जवळ नसताना जे गमावले जाते ते पुन्हा मिळत नाही.